समाजसेवेपासून समाजकार्यापर्यंत : रुग्णालयातील एका शिक्षणाची वाटचाल

मराठी मनात 'समाजसेवा' या शब्दाला मोठा मान आहे. पण त्या मानाबरोबर एक गैरसमजही वर्षानुवर्षे चालत आला आहे. समाजसेवा ही अंतःकरणातून यावी लागते, ती शिकावी लागत नाही आणि तिचा मोबदला घेणे तर अगदीच गैर, असे आपण मानतो. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा माणूस आपल्याला थोर वाटतो. त्याच कामासाठी पदवी घेऊन, वेतन घेऊन, सकाळी दहाला रुग्णालयात हजर होणारा माणूस मात्र आपल्याला केवळ नोकरदार वाटतो. म्हणूनच घरातील मुलीने वा मुलाने 'मला वैद्यकीय समाजकार्याचे शिक्षण घ्यावयाचे आहे' असे म्हटले, की वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात, 'त्याला शिकायचे ते काय?' या प्रश्नाला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उत्तर देतो. तो आपल्या मुंबईशी, आपल्या वडोद्याशी, इंदूर-ग्वाल्हेरशी आणि गोव्याशीही जोडलेला असल्यामुळे तो आपण समजून घेण्याजोगा आहे.

या कामाचा आरंभ रुग्णालयाच्या दारात झाला. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मेरी स्टुअर्ट या बाईंची नेमणूक झाली. मोफत उपचाराचा गैरफायदा कोण घेतो आणि खरा गरजू कोण, हे पाहणे एवढाच त्या नेमणुकीचा मूळ हेतू होता. परंतु दारात बसून माणसांशी बोलू लागल्यावर वेगळीच गोष्ट ध्यानात आली. डॉक्टरांनी लिहून दिलेले दूध, फळे, विश्रांती यांपैकी काहीच रुग्णाच्या घरी शक्य नसते आणि म्हणून तो पुन्हा पुन्हा तेच दुखणे घेऊन परततो. पुढे १९०५ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी रुग्णांच्या घरची परिस्थिती पाहण्यासाठी स्वतंत्र कार्यकर्त्या नेमल्या. त्या विभागाला नावारूपास आणले ते आयडा कॅनन यांनी. कॅबट हे स्वतः चिकित्सक होते आणि त्यांचे म्हणणे साधे होते : रुग्ण कोठे राहतो, काय खातो, कोणाबरोबर राहतो हे ठाऊक नसेल तर निदान अपुरे राहते.

या अनुभवाला शास्त्राचे रूप दिले मेरी रिचमंड यांनी. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'सोशल डायग्नोसिस' या ग्रंथाने एका व्यक्तीच्या अडचणीची माहिती कशी गोळा करावी, तिची शहानिशा कशी करावी आणि तीवरून निष्कर्ष कसा काढावा याची पद्धत घालून दिली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९१५ मध्ये, वैद्यकीय शिक्षणाचे प्रसिद्ध समीक्षक अब्राहम फ्लेक्सनर यांनी समाजकार्य हा व्यवसाय आहे काय, असा प्रश्न जाहीर सभेत विचारून 'नाही' असे उत्तर दिले होते. त्यांच्या मते या कामाला स्वतःचे असे तंत्र नव्हते. रिचमंड यांचा ग्रंथ म्हणजे जणू त्या आक्षेपाला दिलेले उत्तरच ठरला. पहिल्या महायुद्धातून मनाने खचून परतलेल्या सैनिकांसाठी १९१८ साली अमेरिकेतील स्मिथ कॉलेजात मनोविकार समाजकार्याचा अभ्यासवर्ग सुरू झाला आणि शरीराच्या रुग्णालयातून हे काम मनाच्या रुग्णालयातही पोहोचले.

आपल्याकडे त्या काळात काय चालले होते? सेवेचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले आणि परिचारिकेचे काम हलके मानणाऱ्या समाजातील स्त्रियांना त्या संस्थेने त्याच कामाचे शिक्षण दिले. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. लीगने स्वयंसेवकांसाठी अल्प मुदतीचे शिक्षणवर्गही चालविले. चाळीत काम करावयाचे तर काही शिकून गेले पाहिजे, हा विचार म्हणजे मराठी समाजसुधारकांनी टाकलेले पहिले पाऊल होय. परंतु दोन वर्षे पूर्णवेळ बसून समाजकार्य शिकावयाचे, ही कल्पना मात्र अजून आली नव्हती.

ती आणली एका अमेरिकन पाद्र्याने. क्लिफर्ड मॅनशार्ट हे शिकागोचे विद्वान १९२५ च्या सुमारास अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने मुंबईस आले. आपल्या 'ज्ञानोदया'मुळे मराठी वाचकाला ठाऊक असलेले मिशन ते हेच. मॅनशार्ट यांनी धर्मोपदेशाऐवजी नागपाड्याच्या दाट वस्तीत 'नेबरहुड हाउस' उघडले. तेथे वाचनालय होते, खेळ होते, दवाखाना होता, व्याख्याने होती. त्यांना रोज एकच अडचण भासे : चांगल्या मनाची माणसे पुष्कळ मिळतात, काम जाणणारी मिळत नाहीत. सर दोराबजी टाटा यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या विश्वस्त निधीकडे त्यांनी ही अडचण मांडली आणि १९३६ मध्ये नागपाड्यातच 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' ही पदवीधरांसाठीची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. हीच शाळा १९४४ पासून 'टाटा समाजविज्ञान संस्था' म्हणून ओळखली जाऊ लागली, १९५४ मध्ये देवनारच्या आवारात गेली आणि १९६४ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. हे शिक्षण देणारी पहिली दहा वर्षे संपूर्ण देशात हीच एक संस्था होती.

शाळा सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिच्या आश्रयाने बालमार्गदर्शन केंद्र उघडले गेले. अभ्यासात मागे पडणारी, चोरी करणारी, अंथरूण ओले करणारी, घरातून पळून जाणारी मुले तेथे येत. त्या काळच्या घरांत अशा मुलांवर छडी आणि नवस हे दोनच उपाय होते. केंद्रात मात्र डॉक्टर मुलाला तपासत, मानसशास्त्रज्ञ त्याची चाचणी घेत आणि समाजकार्यकर्ता त्याच्या घरी जाऊन आई-बापांशी बोलत असे. मूल बिघडले नसून घरातील काही बिघडले आहे, हे पुष्कळदा या तिसऱ्या माणसामुळेच कळे. तिघांनी एकत्र बसून एका रुग्णाचा विचार करावयाचा, ही रीत आपल्या देशात तेथून रुजली.

रुग्णालयात मात्र हा माणूस पोहोचावयास आणखी नऊ वर्षे लागली. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. पाठोपाठ १९४८ मध्ये टाटा संस्थेत वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हा स्वतंत्र विशेष अभ्यासक्रम सुरू झाला. त्याची धुरा डॉ. गौरीराणी बॅनर्जी यांनी वाहिली. त्या याच संस्थेच्या विद्यार्थिनी; पुढे शिकागो येथे शिकून परतलेल्या. त्यांचे वैशिष्ट्य असे, की अमेरिकेतून आणलेले तंत्र त्यांनी जसेच्या तसे लादले नाही. तेथील शास्त्र 'मी' पासून सुरू होते. रुग्णाने स्वतःचा निर्णय स्वतः घ्यावा हे तेथील पहिले तत्त्व. आपल्याकडे निर्णय घरातील कर्ता घेतो, आणि दुःखाकडे पाहताना रुग्ण कर्म, दैव, धर्म या शब्दांत बोलतो. या शब्दांना अंधश्रद्धा म्हणून झटकून न टाकता त्यांच्यातूनच माणसाला बळ कसे देता येईल, याचा शोध बॅनर्जीबाईंनी घेतला आणि भारतीय तत्त्वविचाराच्या आधारे समाजकार्याची मांडणी केली.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत हे शिक्षण मुंबईबाहेर पसरले आणि ज्या गावांत आपली मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली त्यांपैकी काही गावे यात अग्रभागी होती. सयाजीरावांच्या नावाने १९४९ मध्ये वडोद्यास विद्यापीठ स्थापन झाले, हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि विद्यापीठाच्या अगदी आरंभीच्या विद्याशाखांमध्ये समाजकार्याची विद्याशाखा होती. इंदुरात १९५१ मध्ये 'इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झाले. मुंबईत १९५५ मध्ये निर्मला निकेतन, नागपुरात कमलाताई होस्पेट यांच्या मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था, पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाजसेवा संस्था अशी मालिका तयार झाली. मातृसेवा संघाचे उदाहरण विशेष बोलके आहे. सुईणपणासारख्या कामापासून १९२१ मध्ये निघालेली संस्था चार दशकांच्या आत पदवीधर कार्यकर्ते घडविण्याच्या विचारापर्यंत आली. सेवेतून शिक्षणाकडे जाण्याचा हा प्रवास तिच्या इतिहासातच दिसतो.

मनाच्या आजारांच्या क्षेत्रातील मुख्य घटना बंगळूरला घडली. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात मानसिक आरोग्याच्या दुरवस्थेचे चित्र होते आणि मनुष्यबळ घडविणारी संस्था काढण्याची शिफारस होती. त्यानुसार १९५४ मध्ये बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. म्हैसूर राज्याच्या मनोरुग्णालयाशी १९७४ मध्ये तिचे एकत्रीकरण होऊन आजची 'निमहान्स' झाली. तेथे, आणि रांचीसारख्या ठिकाणी, समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीनंतर मनोविकार समाजकार्यात दोन वर्षांचे अधिक शिक्षण देण्याची पद्धत बसली. तिचेच पुढे एम.फिल. झाले. बेळगावच्या मंडळींना जवळ असलेल्या धारवाडच्या जुन्या मनोरुग्णालयाचे पुढे जे शिक्षणसंस्थेत रूपांतर झाले, तेही याच वाटेवरचे.

आता 'शिकायचे ते काय' या मूळ प्रश्नाकडे वळू. समाजकार्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आठवड्याचे साधारण दोन दिवस वर्गात नव्हे, तर क्षेत्रकार्यात जातात. विद्यार्थी रुग्णालयाच्या विभागात, बालगृहात वा वस्तीत जातो. तेथे झालेल्या प्रत्येक भेटीची सविस्तर नोंद त्याला लिहावी लागते : रुग्ण काय बोलला, आपण काय बोललो, कोणत्या क्षणी तो गप्प झाला, त्या वेळी आपल्या मनात काय आले. दर आठवड्यास मार्गदर्शक ही नोंद समोर ठेवून विचारतो, 'येथे तुम्ही सल्ला देण्याची घाई का केली?' या प्रश्नाला उत्तर देता देता विद्यार्थ्याला स्वतःचे पूर्वग्रह दिसू लागतात. आपली जात, आपले घर, आपले सोवळे-ओवळे, आपला संताप हे सारे आपण रुग्णाच्या खाटेपाशी घेऊन जात असतो, हे त्याला कळते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदन जसे अटळ, तसे या शिक्षणात हे स्वतःचे विच्छेदन अटळ आहे. केवळ सद्‌भावनेने ते साधत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. महाविद्यालय सुटले, खोलीतून बाहेर येत नाही, कोणी आपल्याविरुद्ध कट करीत आहे असे म्हणतो. घरातील वडीलधारी सहृदय माणसे काय सुचवितात, ते आपण सर्वांनी ऐकले आहे : 'लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल.' या एका वाक्याने आपल्या समाजात किती मुलींची आयुष्ये उद्ध्वस्त झाली, याची मोजदाद कोणी केलेली नाही. प्रशिक्षित समाजकार्यकर्ता येथे निराळे वागतो. तो आईला आणि वडिलांना वेगवेगळे भेटतो. आजार कधी सुरू झाला, घरात पूर्वी कोणाला असे झाले होते काय, औषध कोणाच्या हाती आहे, भावंडांना काय सांगितले आहे, शेजारी काय म्हणतात, घराचे उत्पन्न किती, हे विचारतो. हा छिन्नमानस आजार असून तो कोणाच्या पापाचे फळ नाही हे समजावतो. औषध थांबविल्यास काय होते ते सांगतो. 'आळशी झालास' या वडिलांच्या रोजच्या टोमण्याचा आजाराशी असलेला संबंध उलगडतो. आणि लग्नाचा विषय निघालाच, तर मुलीकडच्यांपासून आजार लपवू नये, हे ठामपणे सांगतो. डॉक्टरांकडे गर्दीत पाच-दहा मिनिटे असतात. हे काम तासन्‌तासांचे आहे.

टोमण्यांचा उल्लेख केला तो सहज नव्हे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले, की ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होते, त्या घरांत गेलेला रुग्ण लवकर पुन्हा आजारी पडतो. ऐंशीच्या दशकात चंडीगढ येथे हाच अभ्यास झाला, तेव्हा आपल्या घरांत अशी टीका तुलनेने कमी आढळली. त्यापूर्वी जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत मिळून केलेल्या अभ्यासात ग्वाल्हेरपासून जवळच असलेल्या आग्र्याचे केंद्र होते. तेथील छिन्नमानस रुग्णांची पुढील प्रकृती श्रीमंत देशांतील कित्येक रुग्णांपेक्षा बरी असल्याचे दिसून आले. पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूंत राहावयास लावून त्यांनाच उपचारात सामील केले होते. म्हणजे जगाला देण्याजोगे असे जर आपल्याकडे काही होते, तर ते आपले घर होते. भारतातील मनोविकार समाजकार्याच्या शिक्षणात कुटुंबाला मध्यवर्ती स्थान मिळाले, त्याचे कारण हे आहे.

परंतु हेच घर जेथे दार लावून घेते, तेथे काय होते याचाही इतिहास आपल्या दाराशी आहे. ग्वाल्हेर संस्थानात १९३५ मध्ये स्थापन झालेली मानसिक आरोग्यशाळा ही त्या काळी संस्थानाची अभिमानाची गोष्ट. पुढे तिची अवस्था अशी झाली, की आग्रा व रांचीबरोबर ग्वाल्हेरचेही प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९४ मध्ये न्यायालयाने सुधारणेचे आदेश दिले आणि १९९७ मध्ये या तीन रुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपविले. तरीही देशाला खरी जाग आली ती ६ ऑगस्ट २००१ रोजी. तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मरण पावले. त्यांना तेथे आणून सोडणारे त्यांचे नातेवाईकच होते.

राज्यशासनाच्या सेवेत असताना अशा विषयांच्या फायली माझ्या मेजावरून गेल्या आहेत. एका संस्थेतील रुग्णांच्या यादीत 'बरा, परंतु नेण्यास कोणी नाही' असा शेरा पानोपान असे. काही नावांपुढे तो दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे तसाच उतरविलेला होता. घरी लिहिलेली पत्रे 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत येत. काही पत्ते तर दाखल करतानाच खोटे दिलेले असत. आणि ज्या माणसाने त्या घरांचा शोध घ्यावयाचा, त्या समाजकार्यकर्त्याचे मंजूर पद त्याच संस्थेत रिक्त होते. औषधाची मागणी आली, की ती तातडीची ठरे. या पदाची मागणी 'पुढील अर्थसंकल्पात पाहू' म्हणून परत जाई. औषध दिसते, पद दिसत नाही, असा हा साधा हिशेब होता.

कायद्याने ही दृष्टी हळूहळू बदलली. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्याची भाषा बंदोबस्ताची होती. त्याची जागा घेणारा मानसिक आरोग्य कायदा १९८७ मध्ये संमत झाला व १९९३ मध्ये अमलात आला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. त्याची भाषा हक्काची आहे. केवळ घरचे नेत नाहीत, घर नाही वा समाजात सोय नाही, एवढ्या कारणावरून कोणासही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे हा कायदा सांगतो. माझ्या यादीतला तो जुना शेरा आता बेकायदेशीर ठरला आहे. याच कायद्याने मनोविकार समाजकार्यकर्ता कोण, याची व्याख्याही केली : समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर मार्गदर्शनाखालील रुग्णालयीन प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. १९१५ साली फ्लेक्सनर यांनी विचारलेल्या प्रश्नाचे भारतीय संसदेने शंभर वर्षांनी दिलेले हे उत्तर म्हणता येईल.

तथापि येथेच एक पेच उभा राहिला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांन्वये एम.फिल. ही पदवीच बंद केली. म्हणजे कायद्याने जी पात्रता मागितली, तीच देणारी वाट दुसऱ्या नियमाने बुजविली. तक्रारी झाल्यावर आयोगाने चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांपुरती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुभा दिली. दुसरीकडे २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात चिकित्सालयीन, मनोविकार व वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला असून, त्यामुळे शिक्षणाचा दर्जा आणि नोंदणी या गोष्टींना प्रथमच राष्ट्रीय चौकट लाभली आहे. पदवीचे नाव काहीही ठेवावे. दोन वर्षे रुग्णांमध्ये राहून, अनुभवी माणसाच्या नजरेखाली शिकण्याचा तिचा गाभा मात्र शाबूत राहिला पाहिजे. अमेरिकेत गेलेल्या आपल्या घरांतील मुलामुलींना हे ठाऊक आहे. तेथे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात किमान नऊशे तासांचे क्षेत्रकार्य सक्तीचे असते आणि स्वतंत्रपणे रुग्ण पाहण्याचा परवाना मिळविण्यासाठी बहुतेक राज्यांत पदवीनंतर आणखी दोनेक वर्षे वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करून परीक्षा द्यावी लागते.

गरज किती मोठी आहे? निमहान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, प्रौढांपैकी दर शंभरात दहाहून अधिक व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले आणि त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळत नसल्याचेही. १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला व त्याच्या पथकात समाजकार्यकर्त्याला स्थान आहे. क्षयरोग, कर्करोग, एच.आय.व्ही., मूत्रपिंडरोपण, व्यसनमुक्ती या सर्व विभागांत हा माणूस लागतो. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत त्याच्या पदाचे नाव 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' असे आहे; म्हणजे पदनामात अजून 'सेवा'च आहे. रुग्ण मात्र सरळ 'एमएसडब्ल्यूला भेटा' असे एकमेकांना सांगतात. लोकांनी शिक्षणाचे नावच माणसाला दिले, ही या व्यवसायाला मिळालेली पावती समजावी.

या वाटचालीत मराठी माणसाने स्वतःच्या दुःखातून उभे केलेले कामही आहे. कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा आजार दीर्घकाळ जवळून पाहिला आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था स्थापन केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा चित्रपट याच प्रेरणेशी निगडित होता. त्या चित्रपटाने मराठी घरांत जो विषय दिवाणखान्यात काढण्यास बंदी होती, तो काढावयास लावला. गोव्यात तर संमोहनाचे आद्य अभ्यासक म्हणून जगभर ओळखले गेलेले कांदोळीचे आबे फारिया यांचे नाव पणजीतील जुन्या मनोरुग्णालयाला होते, आणि १९८० मध्ये त्यातूनच मनोविकार व मानवी वर्तन संस्था उभी राहिली.

आता आपल्याविषयी. ग्वाल्हेर, इंदूर, वडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील आपले जुने वाडे रिकामे होत चालले आहेत. मुले पुण्यास, बंगळूरला, परदेशी. मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाला स्मृतिभ्रंश होतो, कोणी पत्नीच्या मागे खिन्नतेत बुडतो. ज्या एकत्र घराच्या बळावर आग्र्याचे आणि चंडीगढचे निष्कर्ष निघाले, ते घर आपल्यातच उरलेले नाही. शिवाय आपल्या बाबतीत एक प्रश्न भाषेचाही आहे. आयुष्यभर कचेरीत हिंदी, गुजराती, कन्नड वा तेलुगू सफाईने बोललेला माणूस आजारपणात आणि विस्मरणात पुष्कळदा आपल्या बालपणीच्या भाषेकडे परततो. तो 'आई कुठे आहे' असे मराठीत विचारू लागला, तर त्याला उत्तर देणारे माणूस त्या रुग्णालयात हवे. या कामात भाषा हेच उपकरण आहे. रक्तदाबाचे यंत्र कोणत्याही प्रांतात सारखेच चालते, हे उपकरण चालत नाही.

म्हणून आपल्या संस्थांनी, मंडळांनी, वाचनालयांनी दोन गोष्टी मनावर घ्याव्यात असे वाटते. दरवर्षी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखेच्या गुणवंतांचा सत्कार होतो. त्यात समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीला वा मुलाला शिष्यवृत्ती द्यावी, आणि ती सत्कारापुरती नव्हे तर दोन वर्षांच्या खर्चाची असावी. दुसरे म्हणजे, आपल्या गावच्या मनोरुग्णालयात वा सामान्य रुग्णालयात या कामाची पदे किती, त्यांतील भरलेली किती, हे माहिती अधिकाराखाली एकदा विचारावे. उत्तर आले की ते मंडळाच्या सभेत वाचून दाखवावे. शासनाच्या टेबलावर एक रिक्त पद वर्षानुवर्षे का पडून राहते, याचे कारण मी आतून पाहिले आहे : त्याविषयी विचारणारे बाहेर कोणी नसते.